गेकोच्या टँकसाठी सेन्सर घेताना झालेली फजिती

चिंगी आली (चिंगी म्हणजे आमची लेपर्ड गेको, ठिपक्यांची पाळीव पाल) तेव्हा टँकबरोबर तो काट्याचा गोल ह्युमिडिटी मीटर (हवेतला ओलावा मोजणारा) फुकट मिळाला होता, काचेला चिकटवायचा. पाणी फवारा नाहीतर दिवा लावा, त्याचा काटा आपला ५० टक्क्यांवर, आणि टिचकी मारली की भलताच आकडा. वैतागून स्मार्ट सेन्सर मागवला. ॲप, ग्राफ, सगळं होतं त्यात. काचेवर वरच्या बाजूला मधोमध लावला, २८ डिग्री दाखवत होता, मी खूश.

पण चिंगी काही दिव्याच्या बाजूला फिरकेना, चार दिवस थंड कोपऱ्यातच बसून. शेवटी मैत्रिणीकडून इन्फ्रारेड गन (लांबूनच तापमान मोजणारी) आणली आणि दिव्याखालच्या फरशीवर धरली तर ४१! तिला तिथे हवं असतं ३२ ते ३४. सेन्सर खोटं बोलत नव्हता हो, तो जिथे होता तिथली हवा २८च होती, पण चिंगी काय हवेत लटकत नाही ना, ती फरशीला पोट टेकून बसते. बरं, सेन्सर थेट दिव्याखाली ठेवला तरी पंचाईत, त्याचं प्लॅस्टिकच तापतं आणि तो स्वतःचाच ताप सांगत बसतो.

म्हणून आता माझं पहिलं बघणं एकच, वायरला प्रोब आहे का, म्हणजे वायरच्या टोकाला तापमान मोजणारं बोंडूक. तो फरशीवर टेकवता येतो आणि डबी टँकबाहेर राहते. थंड बाजूला दुसरा सेन्सर, तिथे २४ ते २६ असलं की झालं, आणि ह्युमिडिटीही मी तिथलीच बघते, साधारण ३० ते ४० टक्के. कारण तीच हवा तापली की टक्का आपोआप खाली येतो, पाणी तेवढंच असलं तरी, त्यामुळे अख्ख्या टँकचा एक आकडा असं काही नसतंच. कात टाकायची ओलसर गुहा वेगळी, ती कोरडी पडली की बोटांवर कात अडकून राहते आणि बोटं गमवायची वेळ येते. आणि फवारा मारताना सेन्सरला वाचवा, एकदा थेंब बसले की ९९ वर अडकतो बिचारा.

आत चिप कुठली आहे तेही बघा, कंपनीने लिहिलं असेल तर. डीएचटी११ म्हणजे २ डिग्री आणि ५ टक्के इकडे तिकडे, एसएचटी३१ बरीच नेमकी. तरी मी प्रत्येक नवीन सेन्सरची मिठाची परीक्षा घेते. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात ओल्या वाळूसारखं होईल एवढंच पाणी, आणि झाकण नि सेन्सर दोन्ही झिपच्या पिशवीत हवाबंद करून रात्रभर. सकाळी ७५ टक्के दिसायला पाहिजे. माझ्या एकाने ६९ दाखवले, मग ॲपमध्ये ६ वाढवून दिले.

नुसता ब्लूटूथवाला घेतलात तर घराबाहेर पडलं की फोन मुका, गेटवे (सेन्सरला इंटरनेटशी जोडणारी डबी) लागतोच. वायफायवाला बॅटरी खातो आणि बहुतेकांना २.४ गीगाहर्ट्झचंच नेटवर्क लागतं. आणि लाईट गेली की राऊटर पण जातो, म्हणजे नेमकं तेव्हाच अलर्ट नाही! त्यामुळे ‘डेटा येत नाहीये’ असं कळवणारं ॲप मला ग्राफपेक्षा जास्त कामाचं वाटतं.

एक मात्र नक्की, थर्मोस्टॅट (तापमान बघून दिवा कमी-जास्त करणारा) वेगळाच घ्या, त्याचा स्वतःचा प्रोब असलेला. परवा संध्याकाळी मी बाहेर असताना अलर्ट आला, गरम बाजू २३. धावत घरी, तर बाईसाहेबांनी उकराउकरीत सेन्सरचा प्रोब ओढून पाण्याच्या वाटीत टाकलेला. नशीब थर्मोस्टॅटचा प्रोब जागेवर होता, नाहीतर त्याला वाटलं असतं गार पडलंय आणि दिवा तापतच राहिला असता. चिकटपट्टी लावायचा मोह होतो अशा वेळी, पण ती सुटली की कातडीलाच चिकटते, म्हणून चिंगीला दोन दिवस दुसऱ्या डब्यात ठेवलं आणि दोन्ही प्रोब मत्स्यटाकीच्या सिलिकॉनने फरशीला पक्के बसवले. काल परत ओढून बघत होती.