आधी चावी, मग तिकीट

जर्मनीचा स्टुडंट व्हिसा पासपोर्टवर चिकटून आला की घरात सगळ्यांना विमानाच्या तिकिटाची घाई होते. भाडं रोज वाढतंय, आजच काढून टाक. आमच्याकडेही तेच चाललं होतं. मी मात्र जर्मनीतल्या आखेन शहरातल्या माझ्या हॉस्टेलकडून आलेलं पत्र घेऊन बसले होते. भाडेकराराच्या पानांमागे एक साधी सूचना होती: खोलीची चावी मंगळवारी आणि गुरुवारी, दुपारी १ ते ३ या वेळेत हाउसमायस्टर देतील. हाउसमायस्टर म्हणजे इमारतीची देखभाल बघणारे गृहस्थ. त्या वेळेत पोचलं नाही तर चावी पुढच्या वारी. वॉचमनकडे ठेवा, शेजाऱ्यांकडे ठेवा, असलं काही तिथे चालत नाही.

सगळा प्रवास मी त्या चावीपासून मागे मोजत आखला. पहिल्यांदा निघणाऱ्या प्रत्येकाला मी हेच करायला सांगते.

मंगळवार की गुरुवार? मंगळवार, कारण विमान चुकलं, रेल्वे रखडली, काहीही झालं तरी मागे गुरुवार उरतो. गुरुवार हुकला तर मध्ये शनिवार-रविवार येतो आणि रविवारी जर्मनीत दुकानंसुद्धा बंद. उघडी असतात ती मोठ्या रेल्वे स्टेशनांतली आणि विमानतळांवरची. त्यात ३ ऑक्टोबर ही राष्ट्रीय सुट्टी आणि हिवाळी सेमेस्टर सुरू होतं १ ऑक्टोबरला, म्हणजे आपण सगळे नेमके त्याच सुमाराला पोचतो. माझ्या ओळखीची एक मुलगी शुक्रवारी संध्याकाळी पोचली होती. तिला पुढचे काही दिवस हॉटेलात काढावे लागले, आणि खोलीचं भाडं तर सुरू झालेलंच होतं.

आखेनला स्वतःचा प्रवासी विमानतळ नाही. फ्रँकफर्टला उतरून रेल्वेनं कोलोनमार्गे जायचं. फ्रँकफर्ट विमानतळ ते कोलोन वेगवान आयसीई गाडीनं साधारण तासभर, तिथून आखेन साध्या प्रादेशिक गाडीनं आणखी तासभर. मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटणारी थेट विमानं सकाळी फ्रँकफर्टला उतरतात. सप्टेंबरात आपलं घड्याळ जर्मनीच्या साडेतीन तास पुढे असतं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते अंतर साडेचार तासांचं होतं. सकाळी सातच्या सुमाराला उतरायचं आणि दुपारी तीनच्या आत आखेनला पोचायचं, म्हणजे हातात बऱ्यापैकी मोकळा वेळ राहत होता. तो मला मुद्दाम हवा होता.

एक गोष्ट बारकाईनं बघा. तिकिटावर मंगळवार, रात्री १ वाजून काही मिनिटं असं लिहिलेलं असेल तर घरून निघायचं सोमवारी संध्याकाळी. बाबांनी कॅलेंडरवर सोमवारच्या चौकोनात लाल पेनानं लिहून ठेवलं होतं, आणि नातेवाइकांनाही सोमवारच सांगितला होता.

रेल्वेच्या तिकिटावर मी बराच विचार केला. जर्मनीत आधी काढलेलं स्वस्त तिकीट, ज्याला श्पारप्राइस म्हणतात, ते त्या एका ठरावीक गाडीला बांधलेलं असतं. रेल्वेच्याच उशिरामुळे आपण मुक्कामी वीस मिनिटं किंवा जास्त उशिरा पोचणार असू, तर ते बंधन सुटतं आणि दुसऱ्या गाडीनं जाता येतं. पण विमान उशिरा आलं म्हणून गाडी चुकली तर रेल्वेचा त्यात संबंध नाही, तिकीट वाया. म्हणून मी फ्लेक्सप्राइस घेतलं. महाग पडलं, पण त्या दिवशी त्या मार्गावरच्या कुठल्याही गाडीत बसायची मुभा मिळाली. काही विमान कंपन्या विमानाच्या तिकिटाला जोडूनच रेल्वेचं तिकीट देतात. ते मिळत असेल तर आधी त्याची चौकशी करा.

विद्यापीठाच्या शुल्कातून मिळणाऱ्या सेमेस्टर तिकिटावर या पहिल्या प्रवासात विसंबू नका. हिवाळी सेमेस्टरचं तिकीट १ ऑक्टोबरपासून लागू होतं, आणि ते देशभर चालत असलं तरी फक्त प्रादेशिक गाड्यांत. आयसीईत नाही. विनातिकीट सापडलात तर दंड किमान ६० युरो.

सामानाबद्दल आईशी थोडं वाजलं. तिला तुपाची बरणी द्यायची होती. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला आणता येत नाहीत, पॅकबंद असले तरी. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, चितळ्यांची आंबा बर्फीही नाही. ताजा कढीपत्ताही नाही, त्याला वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. "तूप काय बाँब आहे का?" असं ती म्हणाली खरी, पण मग गोडा मसाला, मेतकूट, आमसुलं आणि पापड यांवर तिनं सगळी भरपाई केली. औषधं स्वतःपुरती, तीन महिन्यांना पुरतील इतपतच घ्यावीत, आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी.

बॅगांचं वजन विमान कंपनी बघते ते किलोत. मी ते माझ्या हातांनी बघितलं. दोन्ही बॅगा बंद करून आमच्या बिल्डिंगच्या जिन्यानं एक मजला एकटीनं वर नेऊन पाहिल्या, कारण गाडीच्या दारातून त्या आत घ्यायला तिथे हमाल नसतो. एक बॅग उचलताना दम लागला, तेव्हा प्रेशर कुकर आणि पुस्तकं काढून टाकली. कुकर तिथे मिळतो. न चुकता ठेवली ती सोलापुरी चादर, एका बॅगेत अगदी वर. हॉस्टेलच्या खोलीत पलंग आणि गादी असते, पांघरूण बहुतेक ठिकाणी नसतं.

कागद सगळे पाठीवरच्या सॅकमध्ये: पासपोर्ट, प्रवेशपत्र, ब्लॉक्ड अकाउंटचं (म्हणजे राहण्याच्या खर्चाची रक्कम आधीच भरून ठेवायच्या खात्याचं) पत्र, आरोग्यविम्याचं पत्र, हॉस्टेलचा करार. प्रत्येकाची छापील प्रत, फोनमध्येही. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये मी वर्षाचे ११,९०४ युरो भरले होते, पण ते दरमहा ९९२ च्या हप्त्यानं मिळतात आणि तेही जर्मनीतलं बँक खातं उघडल्यावर. तोवरच्या खर्चाला फॉरेक्स कार्ड आणि थोडी रोख हवीच. रोख छोट्या नोटांत घ्या. भारतातलं सिम मी रोमिंगवर चालू ठेवलं. तिथलं सिम घ्यायला पासपोर्ट दाखवून ओळख पटवावी लागते, ते काम नंतर निवांत करता येतं, पण आपल्या बँकेचा ओटीपी जुन्या नंबरवरच येतो.

विमानाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. झोपले.

फ्रँकफर्टला पासपोर्टच्या रांगेत गर्दी होती, पण रांग हलत होती. काचेआडच्या अधिकाऱ्यानं व्हिसाचं पान उघडलं, कुठे चाललात विचारलं, काय शिकणार विचारलं, प्रवेशपत्र मागितलं. मी सॅकच्या पुढच्या कप्प्यातून काढून दिलं. त्यांनी वरच्या चार ओळी वाचल्या आणि पासपोर्ट परत दिला. ज्याची मी आठवडाभर उजळणी केली होती ते एवढंच. बॅगा आल्या, आणि जाहीर करण्यासारखं काही नसलेल्यांच्या हिरव्या वाटेनं मी बाहेर पडले.

इथून पुढचं नीट वाचा, कारण दमलेलं डोकं इथेच गोंधळतं. फ्रँकफर्ट विमानतळाला दोन रेल्वे स्टेशनं आहेत. एक प्रादेशिक गाड्यांचं, टर्मिनल १ च्या खालीच, आणि दुसरं लांब पल्ल्याच्या गाड्यांचं, ज्याच्या पाटीवर फेर्नबानहोफ असं लिहिलेलं असतं. आयसीई सुटते ती फेर्नबानहोफवरून. टर्मिनल १ मधून पाट्या धरत, एका बंदिस्त पुलावरून तिथे चालत जाता येतं. दोन बॅगा ओढत जायचं तर वेळ हाताशी ठेवा. दुसऱ्या टर्मिनलला उतरणाऱ्यांनी आधी टर्मिनल १ ला यायचं.

फलाटावर जायला तिकीट तपासणारं फाटक नाही. सरळ लिफ्टनं खाली जायचं, तपासणी गाडीत होते आणि तिकीट फोनवर असेल तर पासपोर्टही मागतात. फलाटाला A, B, C अशा रोमन अक्षरांचे भाग पाडलेले असतात आणि आपला डबा कुठल्या भागात थांबणार ते वरच्या फलकावर दिसतं. तिथे आधीच जाऊन उभं राहायचं. आयसीई मधल्या स्टेशनांवर जेमतेम काही मिनिटं थांबते, बॅगा घेऊन डबे पार करत पळणं शक्य नाही. शिवाय तिकीट काढलं म्हणजे जागा मिळाली असं तिथे नाही. आरक्षण वेगळं, वेगळे पैसे देऊन करायचं असतं. मी केलं होतं. ज्यांनी केलेलं नसतं ते सीटजवळची छोटी पट्टी वाचतात. तिच्यावर कुठल्या स्टेशनपासून कुठपर्यंत जागा राखीव आहे ते उजळलेलं असतं. पट्टी कोरी असेल तर बसा.

माझ्या शेजारच्या आजींनी न विचारता माझ्या दुसऱ्या बॅगेचं एक टोक धरलं आणि ती दाराजवळच्या रॅकवर चढवायला मदत केली. मी तोडक्या जर्मनमध्ये आभार मानले. त्या बराच वेळ काहीतरी बोलल्या, मला त्यातलं "आखेन" आणि "पाऊस" एवढंच समजलं.

हा मार्ग २००२ साली सुरू झाला, आणि त्यावर गाडी ताशी ३०० किलोमीटरपर्यंत जाते. डब्यातल्या फलकावर वेग दिसतो. बाजूच्या महामार्गावरच्या मोटारी मागे पडताना बघून माझी झोप पार उडाली. बोगद्यात शिरताना कानात दडे बसत होते.

कोलोनबाबत एक खूणगाठ बांधा. काही आयसीई गाड्या मुख्य स्टेशनात न जाता ऱ्हाइन नदीच्या अलीकडच्या काठावर, कोलोन मेस्से/डॉइट्स इथे थांबतात. आपल्या तिकिटावर कुठलं नाव आहे ते आधी वाचा. माझ्या तिकिटावर डॉइट्स होतं. घाबरायचं कारण नाही, कारण आखेनला जाणाऱ्या आरई १ आणि आरई ९ या दोन्ही प्रादेशिक गाड्या तिथेही थांबतात, मग पूल ओलांडून मुख्य स्टेशनात शिरतात. पुलावरून जाताना कोलोनच्या कॅथेड्रलचे काळे जोड-मनोरे इतके जवळ येतात की वर बघायला मान खिडकीला टेकवावी लागते. ते मला फुकटात बघायला मिळालं याचा आनंद अजून आहे.

आखेनला पोचले तेव्हा साडेबारा होत आले होते. म्हणजे तीन वाजायला भरपूर अवकाश. स्टेशनातच काहीतरी खाल्लं, घरी फोन केला, समोरून शहराची बस पकडली.

हाउसमायस्टर दारातच भेटले. पासपोर्ट, करार बघितला आणि खोलीत येऊन हातात एक फॉर्म दिला. त्यात खोलीतल्या प्रत्येक वस्तूची स्थिती लिहायची असते. इथे घाई करू नका, कितीही झोप येत असली तरी. मी टेबलावरचा चरा, कपाटाचं सैल बिजागर, बेसिनच्या कडेचा टवका, सगळं त्यांच्यासमोर लिहून घेतलं आणि फोटो काढले, कारण खोली सोडताना अनामत रकमेतून कपात होते ती याच कागदावरून. त्यांनीही न कंटाळता बिजागर स्वतः हलवून पाहिलं. मग चावी दिली, आणि चावीबरोबर आणखी एक कागद: मी या पत्त्यावर राहायला आले आहे, असं घरमालकानं सही करून दिलेलं पत्र.

ते पत्र जपून ठेवा. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करायची असते, तिला आनमेल्डुंग म्हणतात, आणि त्या पत्राशिवाय ती होत नाही. अनेक बँका खातं उघडायला ही नोंद मागतात, व्हिसा संपायच्या आत राहण्याचा परवाना काढायचा तर ती लागतेच, कराचा नंबरही तिच्यानंतरच टपालानं घरी येतो. टपाल यावं म्हणून त्याच दुपारी खालच्या पत्रपेटीवर माझं आडनाव लिहून चिकटवलं. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत पाठवतो.

नोंदणीची अपॉइंटमेंट मी निघायच्या आधीच ऑनलाइन घेऊन ठेवली होती. ऑक्टोबरात सगळे विद्यार्थी एकदम येतात आणि तारखा संपतात, तेव्हा तुम्हीही पत्ता पक्का झाला की लगेच घ्या. मी पासपोर्ट, करार आणि ते पत्र घेऊन गेले, थोड्याच वेळात शिक्का मारलेला कागद मिळाला, आणि तिथून थेट बँकेत गेले.