जिप्सीच्या बॉनेटला लूव्हर पाडताना: माझा अनुभव

आधी एकच सांगते. बॉनेटला लूव्हर, म्हणजे आतली गरम हवा बाहेर पडायला पत्रा कापून-उचलून केलेल्या फटी, पाडायला द्याल तेव्हा पत्र्यावर ऑइल पेंटने ठळक बाण काढून द्या आणि बाणाच्या टोकाशी "काच" असं लिहा. खडूने नको, तोंडी तर मुळीच नको. माझे दोन महिने आणि आप्पांचा कासच्या फुलांचा अख्खा हंगाम या एका बाणापायी गेला.

गाडी आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. 1998 ची जिप्सी, 1298 सीसी, कार्ब्युरेटरवाली (कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणारा भाग). साताऱ्यात सपाटीला तिचं काहीच दुखणं नाही. पण पसरणीचा घाट चढून पाचगणीत चहाला थांबलं, की दहा मिनिटांनी नुसता स्टार्टर फिरत राहायचा, इंजिन काही पकडायचं नाही. अर्धा तास बॉनेट उघडं टाकायचं, मग एकदाची सुरू व्हायची. यवतेश्वरच्या घाटातही हेच.

कारण समजायला अवघड नाही. वाईहून पाचगणी म्हणजे साडेपाचशे मीटरच्या आसपास चढ. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, वेग वीस-पंचवीस. इंजिन राबतंय आणि समोरून वारा जवळजवळ नाही. तरी चालू असेपर्यंत पंखा आणि रेडिएटरचं पाणी निभावून नेतात. किल्ली बंद केली की दोन्ही थांबतात. इंजिनात मुरलेली उष्णता वर येते आणि बॉनेटखाली कोंडून बसते. पेट्रोल पाण्यासारखं एका ठरावीक अंशाला उकळत नाही, त्यातला हलका भाग चाळीस अंशांच्या आसपासच वाफ व्हायला लागतो, आणि मग इंजिनाला पेट्रोल नीट मिळत नाही. मी कार्ब्युरेटरला तापमान मोजायचा प्रोब चिकटवून पाचगणीत मोजलं तेव्हा आकडा होता 78 अंश.

रेडिएटर खोलून साफ करणं, नवी कॅप, नवा थर्मोस्टॅट, नवा फॅन बेल्ट हे सगळं आधीच झालं होतं. तुमचं झालं नसेल तर बॉनेटला हात लावू नका. रेडिएटर चोंदलेला असताना लूव्हर पाडणं म्हणजे पत्रा वाया घालवणं.

लूव्हर कुठे पाडायचे यावर मात्र मी वेळ घातला आणि त्याचं मला समाधान आहे. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, त्यामुळे साधन हाताशी होतं. पारदर्शक नळीचा यू आकार, त्यात रंगीत पाणी. नळीचं एक टोक बॉनेटखाली, दुसरं बॉनेटच्या वर पत्र्याला चिकटवलेलं. आप्पा गाडी चालवायचे आणि मी शेजारी बसून पातळी वाचायचे. ताशी साठला समोरून आदळणाऱ्या वाऱ्याचा अख्खा दाबच जेमतेम सोळा मिलिमीटर पाण्याएवढा असतो, त्यामुळे फरक पाच-सात मिलिमीटरचा आला तरी तो मोठाच. महामार्गावर सकाळी सहाला, रहदारी नसताना, आम्ही तीन ठिकाणं मोजली. बॉनेटच्या पुढच्या एक तृतीयांश भागात, रेडिएटरच्या जरा मागे, खालचा दाब वरच्यापेक्षा सात मिलिमीटरने जास्त. मधोमध तीन. आणि मागे काचेजवळ उलटंच, तिथे वरचा दाब जास्त! वारा काचेला अडतो आणि तिथे दाब वाढतो. केबिनमध्ये हवा घ्यायची जाळी गाडी बनवणारे तिथेच देतात, ती याचसाठी.

म्हणून सांगते, बॉनेटच्या मागच्या बिजागऱ्यांखाली वॉशर घालून मागची कड उचलायचा जो उपाय बरेच जण सांगतात, तो करू नका. गाडी उभी असताना थोडी वाफ जाते हे खरं, पण पळताना तिथूनच हवा आत शिरते आणि इंजिनाचा वास थेट केबिनमध्ये येतो. आम्ही तो करून पाहिला होता. आईने दुसऱ्याच दिवशी गाडीत बसायला नकार दिला.

मूळ बॉनेट कापायचं नाही हेही ठरलं होतं. जुन्या गाड्यांच्या बाजारातून साडेतीन हजाराला दुसरं बॉनेट आणलं. त्याच्या आतल्या सांगाड्याच्या पट्ट्या कुठे येतात ते मोजून, त्या वगळून, बारा लूव्हरांच्या जागा आखल्या. सहा-सहाच्या दोन रांगा, प्रत्येक लूव्हर दहा सेंटीमीटर लांब, तोंड आठ मिलिमीटर. कागदावर आकृती काढली, मापं लिहिली आणि नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये बॉनेट नेऊन दिलं.

"त्यात काय एवढं, चार दिवसांत घेऊन जावा मॅडम."

चार दिवसांनी गेले. बॉनेट मी ठेवलं होतं तिथेच, भिंतीला टेकवलेलं. डाय (लूव्हरचा साचा) नाही, कोल्हापूरहून मागवलाय. आठवड्याने गेले तर डाय आला होता, पण पंच (वरून पत्रा दाबणारा भाग) त्याला बसत नव्हता. मग गणपती आले, कामगार गावी गेले. गौरी झाल्या, विसर्जन झालं. मी फोन केला की "आज लावतो मशीनला", प्रत्यक्ष गेलं की बॉनेटवर कुणीतरी चहाचे ग्लास ठेवलेले. पितृपंधरवडा लागला तेव्हा सांगितलं, नवीन डाय पक्षात लावत नाही. मी म्हटलं, डाय तर गणपतीआधीच आलाय. त्यावर मालक म्हणाले, "साहेबांना पाठवून द्या एकदा, त्यांना समजावून सांगतो." घरात या कामातले साहेब मीच आहे, असं मी त्यांना सरळ सांगितलं. ते हसले. मला हसू आलं नाही.

इकडे आप्पा रोज विचारत होते. त्यांचं वय 76. कासला फुलं सप्टेंबरात भरात असतात, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ओसरतात. स्वतःच्या जिप्सीने स्वतः चालवत जायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. साताऱ्याहून कास पंचवीस किलोमीटरच्या आत, पण हंगामात सुट्टीच्या दिवशी वर गाड्यांची रांग लागते. चढावर थांबत, सरकत, पुन्हा थांबत जायचं. आमच्या गाडीला नेमकं हेच सोसत नव्हतं. माझ्या नवऱ्याने त्याच्या गाडीतून नेतो म्हटलं, आप्पा म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. 76 व्या वर्षी माणूस पुढच्या वर्षी म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याला कसं होतं, ते त्या शेडमध्ये मला कुणालाच सांगता आलं नाही.

घटस्थापना झाली. खंडेनवमीला गेले तर पत्रा दाबायचा प्रेस धुऊन-पुसून, हार घालून ठेवलेला. यंत्राची पूजा झाली, आज ते चालवत नाहीत. ते मला मान्य आहे, आमच्या घरीही गाड्यांना हार घालतो. पण पूजेच्या आधी पन्नास-साठ दिवस ते यंत्र चालत होतंच की.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी फोन आला, बॉनेट तयार आहे. गेले. बारा लूव्हर, सुबक, एका ओळीत, मापात. आणि सगळ्यांची तोंडं पुढे, ग्रिलकडे!

मी आकृती मागितली, ती सापडली नाही. मी म्हटलं, तोंडं मागे हवी होती, काचेकडे. मालक म्हणाले, "हवा आत गेल्याशिवाय इंजिन गार कसं होणार?"

हा गैरसमज शेडपुरता नाही, म्हणून सविस्तर लिहिते. आपल्याला वाटतं, गरम होतंय तर गार हवा आत सोडू. पण गार हवा ग्रिलमधून येतेच आहे. तिला पलीकडून बाहेर पडायला वाट नाही, हे दुखणं आहे. रेडिएटरमधून हवा जाते ती पुढचा दाब जास्त आणि मागचा कमी असतो म्हणून. बॉनेटवरून आणखी हवा आत कोंबली की रेडिएटरच्या मागचा दाब वाढतो आणि त्यातून जाणारी हवा उलट घटते. वर पाऊस आणि धूळ सरळ आत. जुन्या स्कॉर्पिओच्या बॉनेटवर पुढे तोंड असलेलं नाक दिसतं, ते खालच्या इंटरकूलरला (टर्बोकडून इंजिनात जाणारी हवा गार करणाऱ्या भागाला) हवा द्यायला आहे, इंजिन गार करायला नाही. आमच्या गाडीत इंटरकूलरच नाही. लूव्हरचं तोंड मागे असलं की वरून जाणारा वारा आतली गरम हवा ओढून नेतो, आणि गाडी उभी असताना ती आपली आपण वर निघून जाते.

हे मी त्या शेडमध्ये उभी राहून, प्रेसच्या हाराकडे बघत, पुन्हा एकदा समजावून सांगितलं. एकदा दाबलेला पत्रा ताणलेला असतो, तो ठोकून सपाट होत नाही. मजुरी अर्धी द्या म्हणाले. मी दिली नाही. बॉनेट तेवढं उचलून आणलं.

दुसरं बॉनेट मिळवायला आठवडा गेला. या वेळी कोडोलीकडे एका म्हाताऱ्या कारागिरांकडे गेले, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांच्याकडे मोठा प्रेस नाही, हाताने फिरवायचा फ्लाय प्रेस आहे. त्यांनी पत्रा बोटांत धरून पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "पोरी, तोंड कुठं?" मी पेंटचा बाण दाखवला. सकाळी दहाला दिलेलं बॉनेट संध्याकाळी पाचला तयार. अठराशे रुपये. प्रत्येक लूव्हरची कड त्यांनी कानस मारून गुळगुळीत केली होती, हे मी सांगितलेलंही नव्हतं.

दिवाळीनंतर पसरणीचा घाट चढलो. पाचगणीत दहा मिनिटं थांबून प्रोब पाहिला: 61. एका झटक्यात गाडी सुरू. आप्पांनी ती मुद्दाम बंद केली आणि पुन्हा सुरू केली, तीनदा. हवा थंडीची होती हे धरूनच आकडा वाचा. पण मेमध्ये पुन्हा मोजला तेव्हाही 66 च्या वर गेला नाही.

काही गोष्टी आता आठवल्या. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि 2019 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल गाडीतल्या फेरफारांबद्दल कडक आहे. तेव्हा आधी परिवहन कार्यालयात विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा आणि मूळ बॉनेट घरात जपून ठेवा. आमचं जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर आहे.

पावसाचं म्हणाल तर, जिप्सीच्या या इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) मागे, केबिनच्या बाजूला असतो. लूव्हर पुढे असल्याने थेंब त्याच्यावर पडत नाहीत. तरी पावसाळ्यात गाडी उघड्यावर लावायची असेल तर आतून रबराची पट्टी लावा, वरची कड चिकटवलेली आणि खालची सुटी. आणि रंगाच्या आधी लूव्हरच्या आतल्या कडांना ब्रशने प्रायमर घाला, स्प्रे तिथे पोचत नाही. आमच्या दोन लूव्हरांना पहिल्याच पावसात तांबेरा धरला, ते आप्पांनी स्वतः घासून रंगवले, कारण गाडी सप्टेंबरच्या आत तयार हवी होती.