काळी दोन

शनिवार, रात्रीचा दीड

बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटकांचा ‘कोमल गांधार’ हा सिनेमा आज तिसऱ्यांदा पाहिला. पहिल्यांदा अर्धाच कळला होता. दुसऱ्यांदा गाण्यांसाठी लावला होता. आज मात्र एका जागी थांबवला, मागे नेला, पुन्हा पाहिला आणि मग उठून गॅलरीत जाऊन उभी राहिले.

ती जागा म्हणजे लालगोला. मुर्शिदाबाद जिल्ह्यातलं पद्मेकाठचं गाव. नाटकमंडळी दौऱ्यावर तिथे आली आहेत. भृगू आणि अनसूया नदीकाठच्या रुळांवर येऊन थांबतात. समोर पद्मा पसरलेली आणि पलीकडचा काठ पूर्व पाकिस्तानात. सिनेमा १९६१ चा, बांगलादेश व्हायला अजून दहा वर्षं आहेत. भृगूचं घर त्या पलीकडच्या काठावर. पूर्वी इथवर गाडीनं यायचं, उतरून बोट धरायची, की आपल्या मुलखात. तो म्हणतो, हे रूळ तेव्हा अधिकाचं चिन्ह वाटायचे, आता वजाबाकीचं झालंय. एवढं बोलून दोघं गप्प. मग कॅमेरा एकटाच रुळांवरून धावत सुटतो. मागून ‘दोहाई अली, दोहाई अली’ हा नावाड्यांचा धावा चढत जातो. वादळात सापडलेली माणसं देवाला हाक मारतात तशी ती हाक. रूळ जिथे तोडलेत तिथल्या आडव्या अडसरावर कॅमेरा जाऊन आदळतो आणि पडदा काळा होतो.

फाळणीवरचं पुष्कळ वाचलंय, पाहिलंय. कत्तली, जळकी गावं, माणसांनी लदलेल्या गाड्या. इथे यातलं काहीच दिसत नाही. एक लाकूड आडवं टाकलंय, बस. आणि माझ्या पोटात खड्डा पडला. घटक ढाक्यात जन्मले आणि राजशाहीत वाढले, म्हणजे नेमक्या याच पद्मेच्या पलीकडे. स्वतःच्या गावासमोर उभं राहून त्यांनी हा शॉट घेतला असणार, हे लक्षात ठेवून तो पाहिला की वेगळाच लागतो.

घटकांच्याच ‘मेघे ढाका तारा’ आणि ‘सुवर्णरेखा’च्या मधला हा सिनेमा. त्या दोन्हींत माणसं संपत जातात. इथे नाही. म्हणूनच की काय, याच्याबद्दल लोक कमी बोलतात. त्या वेळी तिकीटबारीवरही तो पडला. मला मात्र तिघांतला हाच सगळ्यात जवळचा, कारण हा नाटकवाल्यांचा सिनेमा आहे.

पन्नाशीच्या दशकातले कलकत्त्याचे दोन नाट्यगट. भृगूचा एक, आणि ज्यातून अनसूया येते तो शांताचा दुसरा. दोन्ही एकाच चळवळीची लेकरं, दोघांत विस्तव जात नाही. घटकांनी हे बाहेरून पाहिलेलं नव्हतं. १९४३ साली आपल्या मुंबईत ‘इप्टा’ ही डाव्या विचारांची नाट्यचळवळ उभी राहिली. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळानं माणसं रस्त्यावर मरत होती, आणि पुढच्याच वर्षी बिजन भट्टाचार्यांचं ‘नबान्न’ हे त्या दुष्काळावरचं नाटक तिथल्या रंगमंचावर आलं. इकडे अण्णाभाऊ साठे, अमर शेख डफावर थाप मारत होते, तिकडे ही मंडळी. घटकही त्यांच्यातलेच, आणि पुढे कम्युनिस्ट पक्षानं त्यांना बाहेर काढलं. तेच बिजन भट्टाचार्य या सिनेमात आहेत. सुरुवातीच्या नाटकात ते म्हातारा निर्वासित होऊन विचारतात, एवढा कोवळा देश सोडून, माझी पद्मा सोडून मी का जाऊ? हे नाटकातलं वाक्य आहे हे मला ठाऊक असतं, तरी दर वेळी घशात अडकतं.

दोन्ही गट मिळून ‘शाकुंतल’ बसवतात. किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात तेच नाटक संगीतात उभं केलं, आपली मराठी रंगभूमी त्यावर पोसली, म्हणून आपल्याला ते फुलांचं, वेण्यांचं, पदांचं वाटतं. भृगू अनसूयेला वेगळ्याच वाटेनं समजावतो. कण्वाचा आश्रम म्हणजे कुठलं तरी जुनं रान नाही. हे कलकत्ता तुझा आश्रम, तुला ते सोडून जायचंय असं समज. मग रस्त्यावर एक भीक मागणारं पोर मागून येऊन तिचा पदर ओढतं. कालिदासाच्या चौथ्या अंकात निघालेल्या शकुंतलेचं वस्त्र असंच मागून ओढलं जातं. तिथे पाडस असतं, इथे फुटपाथवरचं पोर. अनसूया झालेली सुप्रिया चौधरी मागे वळून पाहते. तेवढंच. भृगूचं काम मला जरा ताठ वाटतं, पण या बाईच्या चेहऱ्यावरून नजर हलत नाही.

आणि तो प्रयोग आतूनच पाडला जातो. आकसातून. विंगेतल्याच माणसांकडून.

इथे मी सिनेमा थांबवला आणि बराच वेळ पुढे नेला नाही. मी ज्या गटात नऊ वर्षं काम केलं तोही असाच फुटला. स्पर्धेच्या प्राथमिक फेरीच्या दिवशी तिसरी घंटा झाली आणि संगीताची सीडी सापडेना. कुणी नेली ते सगळ्यांना माहीत होतं. त्यानंतर आम्ही कपडेपट वाटून घेतला, लेव्हल्स मोजून घेतल्या, हार्मोनियम दुसऱ्या बाजूकडे गेली. सहा वर्षं मी स्वतःला सांगत आले की हा फालतू हौशी लोकांचा भांडणतंटा होता, एवढं काय त्याचं. घटकांनी दुभंगलेला बंगाल, दुभंगलेली नाट्यचळवळ आणि अनसूयेचं दुभंगलेलं मन एकाच रांगेत ठेवलंय. (तिचा वाग्दत्त वर परदेशात आहे, आणि ती त्याची वाट पाहत पाहत भृगूत गुंतत जाते.) कुणाला हे अति वाटेल. मला आज तसं वाटलं नाही. एका देशाचं दुःख आणि विंगेतलं भांडण सारखं नसतं, हे मला कळतं. पण वेगळं झाल्यावर दोन्हीकडचे लोक वस्तू मोजत बसतात, ते अगदी तसंच असतं.

पाठीमागे सारखी पूर्व बंगालची लग्नाची गाणी येत राहतात. ताटातुटीच्या प्रसंगांतही लग्नाचीच. ज्योतिरिंद्र मैत्रांचं संगीत आहे. दार्जिलिंगच्या डोंगरांत देवव्रत विश्वासांच्या आवाजात ‘आकाश भरा सूर्य तारा’ येतं तेव्हा छाती मोकळी होते, पण मनात घर करून राहतात ती ही बायकांची गाणी. शेवटी दोघांचे हात एकमेकांत येतात तेही त्यांच्याच सोबतीनं.

रविवार, सकाळ

नावाचा विचार करत होते. रवींद्रनाथांच्या एका कवितेत कवी एका मुलीला मनातल्या मनात ‘कोमल गांधार’ असं नाव ठेवतो. हा आपला कोमल ग. भीमपलासात, काफीत, दरबारीत भेटणारा. शुद्ध गंधारापासून जरासाच खाली, पण तेवढ्यानं सगळ्या सुरावटीचा जीव बदलतो. पांढरी एकचा सा धरला तर पेटीवर तो काळी दोन.

आमच्या पेटीची काळी दोन अडकायची. दाबली की वर यायची नाही, वाजतच राहायची. तालमीत कुणीतरी नखानं उचलायचं.

नऊ वाजता तिला फोन केला. सहा वर्षांत पहिल्यांदा. तिनं उचलला आणि काही बोलली नाही. मीही नाही. मग एकदम तोंडातून निघालं, “पेटी तुझ्याकडेच आहे ना गं?”

“आहे की.” जरा थांबून म्हणाली, “काळी दोन अजून अडकते.”

गुरुवारी संध्याकाळी जातेय.