तुम्ही विचारलंत म्हणून: सामरीची पेटी आणि माझी यादी

"सर, पिक्चर मोबाइलवर फुकट पडलाय. मग त्याची चांगली डिस्क कधी निघणार म्हणून वाट कशाला बघताय? आणि निघाली तर पिक्चरसोडून त्यात जास्तीचं काय पाहिजे तुम्हाला?"

हे मला शाळेतल्या सहकाऱ्यांनी विचारलंय, भाच्यानं विचारलंय. आमच्या गल्लीतला दुकानदार, जो आधी सीडी-डीव्हीडी विकायचा आणि आता मोबाइलची कव्हरं विकतो, तो तर दर दिवाळीला विचारतो. पिक्चर म्हणजे 'पुराना मंदिर'. साल १९८४, दिग्दर्शक तुलसी आणि श्याम रामसे. मी निपाणीचा, बेळगाव जिल्ह्यातल्या सीमाभागातला. हायस्कुलात विज्ञान शिकवतो आणि भुतांवर माझा विश्वास नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं वाचून तुम्हाला शंका येईल.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. सामरी नावाचा एक सैतानाचा उपासक. राजा त्याचं मुंडकं उडवायची शिक्षा देतो. मुंडकं पेटीत बंद करून ठेवतात आणि धड जुन्या देवळामागं पुरतात. मरताना सामरी शाप देऊन जातो की राजाच्या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. मुंडकं आणि धड लांब लांब आहेत तोवर सामरी गप्प, एकत्र आले की संपलं. मुंडकं एकीकडं आणि धड दुसरीकडं म्हणजे काय, हे सीमाभागातल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा अकरा वर्षांचा होतो. पिक्चरला 'ए' सर्टिफिकेट. माझी आत्ती विड्या वळायची आणि पगाराच्या दिवशी कारखान्यातल्या बायका मिळून मॅटिनीला जायच्या. दारातल्या डोअरकीपरनं मला अडवलं. आत्ती म्हणाली, "बारकं हाय ओ, डोळं झाकून बसंल." त्यानं सोडलं. मी डोळे झाकले नाहीत.

त्या दुपारचं मला पडद्यावरचं जेवढं आठवतं त्याहून जास्त कानांनी आठवतं. लेडीजच्या बाजूला बसलेलो. सगळीकडं जर्द्याचा वास, कारण आमच्या गावात तो लुगड्यालाच असतो, धुतला तरी जात नाही. आत्तीशेजारी चिकोडीकडची एक बाई होती, तिला मराठी कळायचं पण घाबरताना ती कन्नडमध्येच घाबरायची. पेटी उघडली आणि ती ओरडली, "अय्यो, देव्व बंतु!" भूत आलं! एक क्षण सगळं थेटर गप्प. मग मागून कुणीतरी म्हणालं, "आलं तर आलं, बसू द्या की." आणि निम्मं थेटर हसलं, निम्मं अजून किंचाळतच होतं. कन्नडमध्ये देवाला देवरु म्हणतात आणि भुताला देव्व. आपला देव आणि त्यांचं देव्व यांत अर्ध्याच अक्षराचा फरक, हे त्या दिवशी कळलं.

आता मुद्द्याचं. मला डिस्कवर जास्तीचं काय हवं? मला ते थेटर हवंय.

हसू नका. रामसेंचं भयपटाचं सगळं दुकानच प्रेक्षकांच्या आवाजावर उभं राहिलंय. वडील फत्तेचंद रामसिंघानी. कराचीत त्यांचं रेडिओचं दुकान होतं. गोऱ्या गिऱ्हाइकांना रामसिंघानी म्हणता येईना, तसं ते रामसे झाले. फाळणीनंतर मुंबई. सात मुलगे. १९७० साली त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' आला आणि पडला. पण त्यात एक प्रसंग होता, भीतीदायक मुखवटा घातलेला पृथ्वीराज कपूर चोरी करायला येतो. बाकी पिक्चरला जांभया देणारं पब्लिक तेवढ्याला जागं होत होतं. तुलसी आणि श्याम यांनी थेटरात बसून ते बघितलं आणि घरी येऊन वडिलांना म्हणाले, भुताचाच पिक्चर काढू. दोन वर्षांत 'दो गज जमीन के नीचे' आला. म्हणजे ह्या माणसांनी पडद्याकडं पाठ करून पब्लिकचा आवाज ऐकला होता. मग त्यांच्या पिक्चरच्या डिस्कवर तो आवाजच नसेल तर ती डिस्क अर्धीच म्हणायची.

गंमत बघा. ज्या १९८४ साली 'पुराना मंदिर' लागला त्याच साली अमेरिकेत 'किंग काँग' या १९३३ च्या पिक्चरची लेझरडिस्क, म्हणजे डीव्हीडीच्या आधीची मोठी तबकडी, निघाली. तिच्या दुसऱ्या ध्वनिपट्टीवर रोनाल्ड हेवर नावाचे अभ्यासक पिक्चरभर बोलत राहतात, हा शॉट असा घेतला, ते माकड असं हलवलं. डिस्कवरच्या कॉमेंटरीची सुरुवात तिथून धरतात. आमच्याकडं पिक्चर चालू असताना बोलत राहायला अभ्यासक लागत नव्हता, एवढंच.

आपल्याकडं पुढं ज्या सीडी आल्या त्यांच्यावर 'बोनस' म्हणजे गाण्यांची यादी आणि दुसऱ्या चार पिक्चरच्या जाहिराती. माझ्याकडच्या एका सीडीत कंपनीचा शिक्का सामरीच्या बरोबर कपाळावर बसलाय, गंध लावल्यासारखा. परदेशात मोंडो मकाब्रो नावाच्या कंपनीनं रामसेंचे पिक्चर मनापासून काढले, 'पुराना मंदिर'सुद्धा. ती मंडळी जाणकार आहेत आणि त्यांचे उपकारच आहेत. पण ती त्यांच्या लोकांना सांगतात की हिंदुस्थानात असंही काहीतरी होतं. मला 'असंही काहीतरी' सांगायची गरज नाही. मी तिथंच होतो, तिसऱ्या रांगेत.

यादी मी खरोखरीची लिहून ठेवलीय, शाळेच्या जुन्या हजेरीपटाच्या मागच्या पानावर. पहिली ओळ अशी होती: तुलसी आणि श्याम या दोघांना शेजारी शेजारी बसवून पिक्चरभर बोलतं करणे. मध्ये कुणी अँकर नको, दोघं भाऊ आपापसात भांडले तरी चालतील. तुलसी २०१८ च्या डिसेंबरात गेले, श्याम त्यापुढच्या सप्टेंबरात. ओळ खोडली. दुसरी ओळ कुमार रामसेंची, घरातलं लिखाण त्यांच्याकडं. ते २०२१ साली गेले. तिसरी ओळ गंगू रामसेंची. ते कॅमेरा बघायचे आणि त्यांना विचारायला माझ्याकडं विज्ञानाच्या मास्तराचे प्रश्न होते. धुरातून तो निळा, तांबडा, हिरवा उजेड सोडताना दिव्यांवर रंगीत कागद किती थरांचे असायचे? कुठली रात्र खरी आहे आणि कुठली दिवसा फिल्टर लावून केलेली? गंगूही २०२४ च्या एप्रिलात गेले. हजेरीपटच तो. नावापुढं गैरहजरी मांडत जायची.

म्हणून कुणी "घाई काय आहे" म्हटलं की मला राग येतो.

सामरी झालेला माणूस, अनिरुद्ध अगरवाल, पडद्यावर नाव अजय अगरवाल, हा रूरकीला शिकलेला सिव्हिल इंजिनिअर. मी दरवर्षी दहावीच्या पोरांना सांगतो, इंजिनिअर झालात म्हणून पुढं काय व्हाल याचा भरवसा नाही. त्यांनी पुढं 'बँडिट क्वीन'मध्ये जे काम केलं ते बघून तर मला सामरी बरा वाटला. त्यांना मुखवट्याबद्दल सगळे विचारतात. मला पायांबद्दल विचारायचंय. तो सामरी चालतो कसा, जड, जणू जमीन त्याला सोडत नाही, ते चालणं कुणी शिकवलं की त्यांचं त्यांनीच बसवलं? नूतनचा मुलगा मोहनीश बहल 'मैंने प्यार किया'च्या पाच वर्षं आधी इथं हिरो होता आणि पुढं दुर्योधन झालेला पुनीत इस्सर त्याचा मित्र. आपले सदाशिव अमरापूरकरही आहेत. 'अर्धसत्य'च्या दुसऱ्याच वर्षी ते ह्या धुरात काय विचार करत उभे होते, हे आता कोण सांगणार?

सेन्सॉर सर्टिफिकेटचं दुसरं पानही हवंय. पिक्चरच्या आधी पडद्यावर जो कागद येतो, त्यावर कोपऱ्यात त्रिकोण असेल तर समजायचं कात्री चाललीय, आणि काय काय कापलं ते मागच्या पानावर असतं. पब्लिकला पुढचंच पान दिसतं. मागचं पान दाखवा. अकराव्या वर्षी मला नक्की कशापासून वाचवलं ते कळू दे.

सबटायटल मराठीही हवीत आणि कन्नडही. मेनूत आधी कुठली भाषा यावी यावरून आमच्या जिल्ह्यात मोर्चा निघेल, ते मी धरूनच चाललोय. एक सांगतो, पिक्चरवाल्यांनी ही सीमा कधी फारशी मानलीच नाही. हिंदी पिक्चरच्या वितरणात आमचा भाग मुंबई सर्किटात. १९५६ साली आम्हाला म्हैसूर राज्यात घातलं, पण रिळांच्या पेट्या मुंबईकडूनच येत राहिल्या. सामरी आमच्याकडं कुठल्या राज्याचा म्हणून आला नाही, एस.टी.च्या टपावरून आला.

आणि साफ करताना जपून करा. फिल्मवर जे बारीक दाणे दिसतात ते पुसून सामरीला मेण लावल्यासारखा करू नका. रीळ संपताना उजव्या कोपऱ्यात जो गोल ठिपका येतो तोही ठेवा. जगदीपची ती 'शोले'ची नक्कल, मच्छर सिंग, कापू नका. मला ती आवडत नाही. पण तेवढ्यात बायका शेंगा घ्यायला बाहेर जाऊन यायच्या.

तो ठिपका ऑपरेटरसाठी असतो, दुसरं मशीन चालू कर म्हणून. त्यावरून मला गेल्या पावसाळ्यात सुचलं की मुंबईकडं डोळे लावून बसलोय, पण ज्यानं मला तो पिक्चर दाखवला तो माणूस गावातच आहे. थेटर पाडून तिथं आता मंगल कार्यालय झालंय. ऑपरेटरकाका हयात आहेत, ऐंशीच्या घरात. मी फोनचं रेकॉर्डिंग चालू करून त्यांच्यापुढं ठेवलं.

सुरुवातीला त्यांनी कार्बनच्या कांड्यांचंच पुराण लावलं. दोन कांड्यांच्या टोकांत ठिणगी पेटवायची, त्याच उजेडावर पिक्चर, कांडी झिजेल तसं अंतर सारखं करत राहायचं, जरा दुर्लक्ष झालं की पडदा पिवळा. मी वर्गात विजेचा प्रकाश-चाप शिकवतो तो ह्या माणसानं वीस वर्षं हातानं सांभाळला. मग मी विचारलं, 'पुराना मंदिर' आठवतो का.

"तर! त्याला हाताला उसंत नव्हती."

"का?"

"पेटी उघडायच्या आधी मी आवाज बारीक करत आणायचो. एकदम बारीक. बायका पुढं वाकायच्या ऐकायला, वरच्या खिडकीतनं दिसायचं की. आणि झाकण उघडलं की फुल्ल सोडायचो."

"कुणी सांगितलं होतं असं करायला?"

"कोण सांगणार? पहिल्या खेळाला चुकून झालं. काय किंचाळल्या! मग रोज केलं."

मी फोनकडं बघत बसलो. चाळीस वर्षं मी ज्या भीतीचं श्रेय तुलसी-श्याम यांना देत होतो, ती किरण रामसेंच्या ध्वनिमुद्रणात निम्मीच होती. उरलेली निम्मी निपाणीतल्या एका अँप्लिफायरच्या बटणावर होती. आणि ती जगातल्या कुठल्याच प्रिंटमध्ये नाही. निगेटिव्ह कितीही चांगली सापडू दे, त्यात ती मिळणार नाही.

रेकॉर्डिंग एकेचाळीस मिनिटांचं आहे. मध्ये कुकरच्या चार शिट्ट्या आहेत आणि काकू दोनदा म्हणतात, "भजी थंड होत्यात." डिस्क काढणाऱ्या कुणालाही मी ते फुकट देईन, शिट्ट्या कापायच्या नाहीत एवढीच अट.

तिथून तसाच आत्तीकडं गेलो. तिची बोटं अजून हलतात, हातात पान नसलं तरी. मोबाइलवर पिक्चर लावला, पेटीचा प्रसंग काढून दिला. तिनं चष्मा सारखा केला आणि शेवटपर्यंत बघितलं.

"हे न्हवं ते," म्हणाली.

"हेच आहे आत्ती."

"न्हाई. हेचा आवाज सगळीकडं सारकाच हाय."

मग मी पुन्हा तिथूनच लावला, आणि ह्या वेळी बटणावर अंगठा ठेवून बसलो.