कण्हेरगडावर, तेरड्याच्या दिवसांत

१४ सप्टेंबर, रविवार

आठवी-नववीच्या मुलांना गणित शिकवायला लागून मला सव्वीस वर्षे झाली आणि त्यांतील बहुतेक वर्षी मी भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथातील भुंग्यांचे उदाहरण वर्गात घातले आहे. भुंग्यांच्या थव्यापैकी एक पंचमांश कदंबावर गेले, एक तृतीयांश शिलींध्राच्या फुलावर, या दोहोंतील फरकाच्या तिप्पट कुटजावर, आणि उरलेला एकटा भुंगा केतकी व मालती या दोघींच्या सुगंधाने एकाच वेळी ओढला जाऊन आकाशात इकडे-तिकडे भिरभिरत राहिला, तर एकूण भुंगे किती? उत्तर पंधरा. मुले ते लवकर काढतात. गेल्या महिन्यात मात्र एका मुलीने विचारले, “सर, कुटज म्हणजे कोणते झाड?” आणि मला सांगता आले नाही. शब्दकोशात ‘कुडा’ असा अर्थ मिळाला. पण कुडा तरी मी कधी ओळखून पाहिला होता? ज्या भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटण्याला मठ स्थापन झाला, ते पाटणे चाळीसगावहून जेमतेम अठरा किलोमीटरवर आहे, त्यामागचा डोंगर मी लहानपणापासून दक्षिणेकडे पाहत आलो आहे, आणि त्या डोंगरावर काय उगवते हे मला ठाऊक नाही, ही गोष्ट मनाला फार लागली. पुतणी जळगावला वनस्पतिशास्त्र शिकते. ती सुट्टीला आली तशी तिला घेऊन आज त्याच डोंगरातला कण्हेरगड चढून आलो.

सकाळी सहाला निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी कमरेएवढी झाली आहे आणि तिच्यावर पिवळी व गुलाबी अशी दोन्ही फुले दिसत होती. आज उमललेले फूल पिवळे आणि कालचे गुलाबी, हे शेतकऱ्याच्या घरात वाढल्यामुळे मला सांगता आले, आणि दिवसभरात पुतणीला मी सांगितलेली वनस्पतींविषयीची माहिती तेवढीच. पाटणादेवीच्या अलीकडे एका टपरीवर चहा घेतला. तेथील बाबांनी आमच्या पाठीवरच्या पिशव्या पाहून विचारले, “कथा चालनात?” गडावर म्हटल्यावर ते म्हणाले, “मंग आतेच निंघा, दुपारले ढग उतरतस.” त्यांचे ऐकले हे फार बरे झाले.

देवीचे दर्शन घेतले. नवरात्र लागले की येथे पाय ठेवायला जागा नसते; आज पितृपक्षामुळे असेल, देवळाच्या आवारात आम्हां दोघांखेरीज चार-पाचच माणसे होती. पाटण्याचा शिलालेख शके ११२८ मधला, म्हणजे इ. स. १२०६-०७ च्या सुमाराचा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता; त्याने आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून मठ काढला आणि निकुंभ वंशातील सोइदेव व हेमाडिदेव यांनी त्याला दाने दिली. लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे, आणि या पाटणात विक्रीला येणाऱ्या मालावर राजाकडे जाणारे उत्पन्न मठाला दिल्याची नोंद त्यात आहे. आजोबांचे गणित पुढे चालावे म्हणून नातवाने बाजाराचे उत्पन्न मिळवावे, ही गोष्ट मला कोणत्याही विजयस्तंभाहून मोठी वाटते. भास्कराचार्यांचे स्वतःचे विज्जडविड हे गाव नेमके कोणते यावर अभ्यासकांत मतभेद आहेत आणि मी त्या वादात पडत नाही. त्यांचे गणित येथे शिकवावे असे ठरले होते, एवढे माझ्यासारख्या शिक्षकाला पुरे आहे.

देवळामागून वाट गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या रानात शिरते. सुरुवातीला साग आणि अंजन. अंजनाचे पान पुतणीने हातात धरून दाखवले: देठाच्या टोकाशी जुळलेली दोनच पाती, जणू फुलपाखराने पंख उघडून ठेवावेत. चढ अवघड नाही, पण पावसाने वाट निसरडी झाली होती आणि एका घळीत माझा पाय घसरून गुडघा खडकावर आपटला. दहा मिनिटे बसावे लागले. तेथे बसलो असतानाच पुतणी म्हणाली, “काका, मागे वळून बघा, तुमचा कुटज.”

मी फुले शोधत होतो आणि झाडावर फुले नव्हती. मोठी, समोरासमोर लागलेली पाने आणि त्यांच्यामधून जोडीजोडीने लोंबणाऱ्या, वीतभर लांब, शिसपेन्सिलीहूनही बारीक हिरव्या शेंगा. कुड्याचा बहर उन्हाळ्यात सुरू होतो आणि पावसाळा जोरात आला की ओसरत जातो, असे तिने सांगितले. म्हणजे लीलावतीतील ते भुंगे या झाडावर गेले असतील तर पावसाच्या आरंभी, आणि मी त्यांच्या मागून दोन-अडीच महिन्यांनी येथे पोचलो. तरी वाईट वाटले नाही. शेंग हातात धरून पाहिली. ती तोडायची नाही, हे पुतणीने आधीच बजावले होते आणि ते योग्यच आहे.

वाटेतील जैन लेण्यांत थोडे थांबलो. आतल्या गारव्यात शांत बसलेल्या मूर्ती मनात राहिल्या, आणि भिंतींवर कोरलेली टवाळ नावे पाहून फार संताप आला. त्यांविषयी अधिक लिहीत नाही.

लेण्यांच्या वर झाडी विरळ होते आणि तेथून खरे फुलांचे राज्य सुरू होते. आधी कुरडूचे पांढरट-गुलाबी तुरे, मग केन्याचे निळे ठिपके, आणि मग अख्खा उतार तेरड्याने गुलाबी झालेला. आम्ही खानदेशातली माणसे फुलांचे पठार पाहायला साताऱ्याकडे जातो, कारण आपला डोंगर आपल्याला एप्रिल-मेमधला, करपलेला, कोळशासारखा काळा तेवढा आठवतो. मीही गेलो होतो. त्याचा पश्चात्ताप नाही, पण घरामागचा हा उतार त्यावेळीही असाच फुलत असणार, हे आज कळले.

तेरड्याच्या एका फुलापाशी मी बराच वेळ उकिडवा बसून राहिलो. फुलाच्या मागे शेपटीसारखी वाकलेली बारीक नळी असते आणि मध तिच्या टोकाशी असतो. तो घ्यायला मधमाशी तोंड आत खुपसते तेव्हा फुलाच्या दारातच वरून टेकलेले पुंकेसर तिच्या पाठीला घासतात. एकामागून एक माश्या बाहेर पडत होत्या आणि प्रत्येकीच्या पाठीवर, बरोबर मध्यभागी, पांढरट परागाची रेघ होती. कोणी खडूने ओढावी तशी. पिकलेल्या शेंगेला पुतणीने बोट लावताच ती फटकन उकलून गुंडाळली गेली आणि बिया माझ्या पायांवर उडाल्या. क्षणभर टिकणाऱ्या उत्साहाला आपण ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणतो. एकेका फुलापुरते ते खरे असेल. पण एकाच दांड्यावर कळी, फूल आणि शेंग अशी तिन्ही पाहिल्यावर त्या म्हणीत झाडावर थोडा अन्यायच झाला आहे असे मला वाटले.

माथ्यावर साडेदहाला पोचलो. तेथे कोणीही नव्हते. खडकात खोदलेले पाण्याचे टाके, त्याच्या कडेला सोनकीची पिवळी फुले, आणि वारा. उत्तरेला आमचा सपाट खानदेश दूरवर पसरलेला होता. चाळीसगाव कोठे असेल ते बोटाने दाखवता येत होते, पण एकही घर ओळखू येत नव्हते. कळण्याची भाकरी, ठेचा आणि कांदा खाल्ला. नंतर वही काढून सोनकीच्या एका झुडपावर किती माश्या येतात ते मोजू लागलो. पहिल्या पाच मिनिटांत अकरा झाल्या. पण पुढे आलेली नवी की आधीचीच फिरून आलेली हे ठरवता येईना आणि मी वही मिटली. भास्कराचार्यांनी एक भुंगा कोणत्याच फुलावर न बसवता हवेत भिरभिरत का ठेवला असेल, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तेथे बसून पाहिले तर खरोखरच दर वेळी एखादी माशी दोन फुलांच्या मध्ये हवेत थांबलेली असे. ते उदाहरण रचणाऱ्या माणसाने आधी डोळे भरून पाहिले होते, यात मला आता शंका नाही.

साडेअकराला पश्चिमेकडून ढग आले आणि पाहता पाहता माथा झाकला गेला. बाबांचे शब्द आठवून लगेच उतरलो. लेण्यांपाशी पावसाने गाठले. एक वाजता देवळात पोचलो तेव्हा दोघेही चिंब झालो होतो.

उद्या आठवीच्या तासाला फळ्यावर कुड्याची फांदी आणि तिच्या जोडशेंगा काढायच्या आहेत. पुतणीने वहीत चित्र काढून दिले आहे, त्यावरून दोनदा सराव केला. गुडघ्याला हळद लावली आहे. आता रात्रीचे दहा वाजले आहेत आणि अजून मी पायमोज्यांतून गवताची कुसळे काढत बसलो आहे.