पोटातल्या ढुशा आणि बाळाचा स्वभाव

शनिवार, रात्र

लेकीला चौतिसावा आठवडा लागला आहे आणि घरात सध्या एकाच प्रश्नावर खल चालू आहे, तो म्हणजे पोटात इतकी हालचाल करणारे हे बाळ पुढे कोणत्या स्वभावाचे निघणार. विहीणबाईंचे मत ठाम आहे. "इतकं नाचतंय म्हणजे दांडगंच होणार बघा, तुमचा जावईसुद्धा पोटात असाच होता," असे त्या दुपारी फोनवर म्हणाल्या. फोन ठेवल्यावर लेकीने माझ्याकडे पाहून विचारले, "आई, तू एवढी वर्षं बायॉलॉजी शिकवलंस, खरंच असं काही असतं का गं?" तिला मी तोंडी दिलेले उत्तर तुटक होते. जे नीट मांडून सांगायला हवे होते ते येथे लिहून ठेवते.

मुळात आईला जाणवते ती हालचाल आणि बाळ प्रत्यक्षात करते ती हालचाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गर्भ सातव्या-आठव्या आठवड्यापासूनच हलू लागतो, पण पहिलटकरणीला ते कळते साधारण अठराव्या ते विसाव्या आठवड्यात, आणि दुसरेपणी थोडे आधी. शेवटच्या तिमाहीत बाळ सरासरी मिनिटाला एकदा तरी हलते असे यंत्राच्या नोंदी सांगतात; आईच्या लक्षात मात्र त्यातल्या जोरकस, लांबलेल्या, धड आणि हातपाय मिळून झालेल्या हालचालीच प्रामुख्याने येतात. वार गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीला असेल तर बाळाची लाथ आधी वारेवर बसते आणि आईपर्यंत तिचा जोर कमी पोहोचतो. आई दिवसभर कामात असली की चालण्याच्या हेलकाव्यांनी आणि स्वतःच्या व्यवधानांनी तिला काही जाणवत नाही, आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकली की बाळाने धुमाकूळ घातल्यासारखे वाटते. लेकीची मोठी मुलगी, म्हणजे आमची पाच वर्षांची नात, पोटात "फार गरीब" होती असे सगळे म्हणतात. त्या वेळच्या सोनोग्राफीच्या अहवालात वार पुढच्या बाजूला असल्याचे स्पष्ट लिहिलेले आहे, याची आठवण कोणी काढत नाही.

शिवाय बाळाची स्वतःची झोपजाग असते. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे हाइन्झ प्रेख्टल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली गर्भाच्या चार अवस्था वर्णन केल्या. डोळ्यांच्या हालचाली, अंगाच्या हालचाली आणि हृदयाच्या ठोक्यांचा आलेख एकत्र पाहून त्या ओळखता येतात, आणि छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमाराला त्या चांगल्या स्पष्ट होतात. त्यातल्या शांत झोपेचा टप्पा साधारण वीस ते चाळीस मिनिटांचा असतो. त्या टप्प्यात पोटावर हात ठेवणाऱ्या बाईने "बाळ अगदी थंड आहे" म्हणावे आणि तासाभराने हात ठेवणारीने "बाई गं, केवढं उड्या मारतंय" म्हणावे, असे आमच्याच घरात एका दुपारी घडलेले आहे. म्हणून स्वभावाबद्दल बोलायचे तर दीर्घ वेळ, यंत्राने आणि पुन्हा पुन्हा मोजलेली हालचालच विचारात घ्यावी लागते.

अशी मोजणी करण्याचे प्रयत्न जुने आहेत. अमेरिकेत ओहायो राज्यातील यलो स्प्रिंग्ज या लहानशा गावी १९२९ साली फेल्स संस्थेचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला आणि लेस्टर सोंटॅग यांनी तेथे जन्माआधीपासून मुलांचा मागोवा घेण्यास आरंभ केला. मात्र आजच्या चर्चेत ज्यांचे काम सर्वांत महत्त्वाचे मानले जाते त्या म्हणजे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील जॅनेट डिपिएट्रो. गर्भवतीच्या पोटावर डॉप्लरचा, म्हणजे ध्वनिलहरींनी हालचाल टिपणारा, एकच संवेदक लावून बाळाचे ठोके आणि हालचाली दोन्ही एकाच वेळी पन्नास मिनिटे नोंदवायच्या, आणि हे वेगवेगळ्या आठवड्यांत पुन्हा पुन्हा करायचे, अशी त्यांची पद्धत आहे.

त्यांचा १९९६ सालचा अभ्यास विहीणबाईंना फार आवडेल. विसाव्या आठवड्यापासून सहा वेळा नोंदवलेल्या ३१ गर्भांच्या मातांना, बाळ तीन आणि सहा महिन्यांचे झाल्यावर, स्वभावाविषयीची प्रश्नावली भरायला दिली, तेव्हा पोटात अधिक हलणारी बाळे पुढेही अधिक चळवळी, आणि शिवाय अधिक किरकिरी, वेळापत्रकाला न जुमानणारी व नव्या गोष्टींशी लवकर न जुळणारी असल्याचे मातांनी सांगितले. स्वभावाच्या गुणांमधील फरकांपैकी २२ ते ६० टक्के फरकाचा अंदाज गर्भावस्थेतील नोंदींवरून बांधता येतो, असे आकडे त्यातून निघाले. हे आकडे मोठे दिसतात; पण ३१ मुले आणि त्यांच्यावर घेतलेली अनेक मोजमापे असा हिशेब असला की टक्के फुगतात, हे संख्याशास्त्र शिकलेल्या कोणालाही ठाऊक असते. एवढ्या लहान गटावरून दिशा सुचते, पण पैज लावण्याइतका भरवसा त्यावर ठेवता येत नाही.

मला त्याहून अधिक गुंतवणारी गोष्ट पुढे आहे. त्याच संशोधिकेने २००२ साली ५२ मुलांचा वेगळा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यात मुले दोन वर्षांची होईपर्यंत त्यांना पाहिले. या वेळी केवळ मातांच्या उत्तरांवर न थांबता मुलांचे वर्तन प्रत्यक्ष पाहूनही नोंदवले होते. त्यात आढळले ते असे, की पोटात अधिक हलणारी मुले एक वर्षाची झाल्यावर, हातातली वस्तू काढून घेतली किंवा अडवून ठेवले तर, कमी चिडत होती, आणि दोन वर्षांच्या वयात अनोळखी माणसे व नव्या वस्तू यांना कमी बुजत होती. पहिल्या वर्षी अंगाची चळवळ आणि पोटातली चळवळ यांचा सरळ संबंध दिसला, पण तो मुलग्यांमध्येच. म्हणजे सहा महिन्यांच्या वयात ज्या हालचालीचा अर्थ "किरकिरे बाळ" असा लागत होता, तिचाच अर्थ दोन वर्षांच्या वयात "धीट मूल" असा लागला. पोटातली ढुशी तीच. तिचे भाकीत मात्र, मुलाला कोणत्या वयात आणि कोणाच्या नजरेने पाहिले यावर बदलले. संशोधन चुकले असा याचा अर्थ मी घेत नाही. तीन महिन्यांच्या बाळाला हातपाय उडवण्याखेरीज काही करता येत नाही, आणि ज्याला हलावेसे वाटते पण हलता येत नाही ते बाळ रडते. तेच मूल चालू लागले की हवे तेथे स्वतः जाते आणि त्याची चिडचिड कमी होते, असे स्पष्टीकरण मला शक्य वाटते. ते माझे आहे, सिद्ध झालेले नाही.

प्रश्नावली भरते कोण, हाही एक पेच आहे. डिपिएट्रो यांच्याच पुढील कामातून असे दिसले, की ज्या मातांना गर्भारपणात ताण अधिक जाणवतो त्यांची बाळे पोटात अधिक हलतात. आता तीच माता बाळंतपणानंतर अपुऱ्या झोपेत बाळाच्या स्वभावाचे गुण भरणार असेल, तर तिच्या लेखणीतून उतरले ते बाळाचे किरकिरेपण की तिचा स्वतःचा थकवा, हे वेगळे काढणे अवघड आहे. पोटातली हालचाल आणि कागदावरचा स्वभाव या दोन्हींच्या मागे आईचे मन हेच कारण असू शकते. (त्याच अभ्यासमालेत असेही आढळले, की निरोगी मातांमधील मध्यम ताण दोन वर्षांच्या मुलांच्या विकासाला मारक ठरला नाही, उलट विकास किंचित पुढेच दिसला. लेकीला हे मी दोनदा सांगितले, कारण काळजी करू नकोस असे सांगणाऱ्यांमुळेच तिला अधिक काळजी वाटते.)

नुसती हालचाल हे स्वभावाचे मोजमाप म्हणून किती अपुरे आहे, हे हार्वर्डच्या जेरोम केगन यांच्या प्रयोगांवरून मला अधिक पटते. त्यांनी चार महिन्यांच्या बाळांसमोर हलती खेळणी धरली, ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले, उग्र वासाचा कापूस नाकाजवळ नेला. साधारण पाचातले एक बाळ हातपाय झाडून, पाठ ताणून रडू लागे, आणि अशी मुले पुढे बुजरी होण्याची शक्यता अधिक आढळली. पण भरपूर हातपाय हलवूनही न रडणारी बाळे त्या गटात धरली नव्हती. चळवळीच्या जोडीला रडणे आहे की हसू, यावर सगळे ठरत होते. आणि पोटातल्या बाळाचे रडणे-हसणे आपल्याला त्या अर्थाने कळतच नाही, कळते ती फक्त लाथ.

शेजारच्या काकूंनी काल वेगळाच सूर लावला. ढुशा उजवीकडून बसतात म्हणजे मुलगा, असे त्यांचे म्हणणे. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सर्वांत आधी केला, केंद्राचा कायदा १९९४ चा. तरी ही हौस पोटावरच्या हातांनी भागवली जातेच. त्यांना मी चहा दिला आणि विषय बदलला.

आज दुपारी जेवणानंतर लेक डाव्या कुशीवर पडून मोजत होती. दवाखान्याच्या कार्डावर सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन रकाने आहेत. प्रत्येक वेळी एक तास मोजायचे, तिन्हींच्या बेरजेला चाराने गुणायचे, आणि बारा तासांचा हा अंदाज दहाच्या खाली आला तर लगेच दाखवायला जायचे. ती मोबाइल बाजूला ठेवून चिंचोके वापरते: एक ढुशी, की या वाटीतला एक चिंचोका त्या वाटीत. मध्येच गाऊनखाली उजव्या बरगडीजवळ एक उंचवटा उमटला, टाच असावी, आणि सरकत सरकत बेंबीपर्यंत येऊन विरला. त्यानंतर बराच वेळ एका लयीत बारीक ठोके येत राहिले, त्या उचक्या, त्या मोजायच्या नाहीत असे डॉक्टरांनी सांगितले आहे. या हालचालीचा खरा उपयोग असा आजच्यापुरता आहे. बाळाला प्राणवायू पुरेसा मिळत नसेल तर ते हालचाल कमी करून शक्ती राखते. नववा लागला की जागा कमी पडते आणि बाळ आपोआप शांत होते, हा समज आमच्या पिढीत सर्रास होता आणि आजही आहे. तो धोक्याचा आहे, कारण हालचालीचा प्रकार बदलला, लाथांऐवजी सरकणे अधिक जाणवले, तरी हालचाल बाळंतपणापर्यंत चालूच राहायला हवी. ती नेहमीपेक्षा कमी वाटली तर आकडेमोड पुरी होण्याची वाटही पाहू नये.

"दांडगं होणार" हे वाक्य मला खटकते ते शास्त्रापेक्षा घराच्या रीतीमुळे. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या दांपत्याने १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये मुलांचा दीर्घ अभ्यास केला, स्वभावाचे नऊ पैलू सांगितले आणि सुमारे ४० टक्के मुले सोपी, १० टक्के अवघड, १५ टक्के हळूहळू रुळणारी अशी ढोबळ विभागणी केली. उरलेली कोणत्याच गटात बसली नाहीत. पण त्यांनी जास्त भर दिला तो मूल आणि घर यांचे किती जमते यावर. चळवळे मूल मोकळ्या अंगणाच्या घरात कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, आणि तेच दोन खोल्यांच्या सदनिकेत, खाली शेजारी तक्रार करणारे असले, की उपद्व्यापी ठरते. आमच्याकडे तर बाळ जन्मण्याआधीच शिक्का तयार आहे. ते रडले की "सांगितलं होतं ना" आणि झोपले की "दमलंय दांडगोबा", अशी दोन्ही बाजूंनी सोय झालेली असते, आणि असे भाकीत कधीच खोटे पडत नाही. जावई पोटात कसे होते हेही विहीणबाईंना आठवते ते जावई कसे निघाले हे पाहिल्यानंतर.

माझी १९९१ सालची वही कपाटात आहे. लेक पोटात होती ते वर्ष. संध्याकाळी ती काढून पाहिली. हालचालीविषयी तीत फारसे काही नाही. एके ठिकाणी "रात्रभर बाळ फिरत होते, झोप नाही" असे आहे आणि आणखी पुढे "आज फार शांत, दाखवून आले, ठोके ठीक." ही मुलगी शाळेच्या स्नेहसंमेलनात रंगमंचावर जायला नकार देईल आणि पुढे एकटीने गावोगाव फिरण्याची नोकरी आवडीने करील, हे या दोन ओळींतून काढून दाखवणारा माणूस मला भेटलेला नाही. वही लेकीला वाचायला दिली. तिने पहिल्यांदा विचारले ते, "शांत होते तेव्हा किती तास वाट बघितलीस?" ते वहीत लिहिलेले नव्हते.

सोमवारी तपासणी आहे. रात्रीच्या जेवणानंतर मोजताना तिला डुलकी लागते आणि चिंचोके निम्म्यावर राहतात, तेव्हा तो तास संध्याकाळी लवकर घेतला तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारायचे आहे.