यामामोतोंची पट्टी

रोटरी इंजिनाची गाडी बाळगणारा माणूस पेट्रोल पंपावर लगेच ओळखू येतो. टाकी भरून झाली की तो बॉनेट उघडतो आणि ऑइलची डिपस्टिक बाहेर काढतो. बघणाऱ्याला वाटतं, गाडी बिघडली. पण हे इंजिन ऑइल पितं ते हक्कानं. यात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो; त्याच्या तिन्ही टोकांवर धातूची एकेक अरुंद पट्टी असते, तिला म्हणतात एपेक्स सील. तिला वंगण मिळावं म्हणून एक छोटा पंप ज्वलनकक्षातच मोजून ऑइल सोडत असतो. म्हणून एकाआड एक टाकीला तरी डिपस्टिक बघायचीच.

माझदाच्या रोटरी इंजिनामागचे इंजिनिअर केनिची यामामोतो २० डिसेंबर २०१७ रोजी, वयाच्या ९५व्या वर्षी गेले. त्यांची आठवण निघाली की मंडळी ७८७बीचे फोटो काढतात. १९९१ साली ले माँची २४ तासांची शर्यत जिंकलेली ती चार रोटरांची, ५५ नंबरची माझदा. हरकत नाही, तिचा आवाज ऐकून कोणीही भारावेल. पण यामामोतोंना आठवायचं तर त्या पट्टीपाशी जास्त वेळ थांबावं.

रोटरी इंजिनाची मूळ कल्पना फेलिक्स वांकेल यांची. इंजिन म्हणून ती जर्मनीतल्या एनएसयू कंपनीत उभी राहिली. हिरोशिमाच्या तोयो कोग्योनं, म्हणजे आजच्या माझदानं, १९६१ मध्ये परवाना घेतला. पैसे मोजून हाती काय आलं, तर तासन्‌तास चालवलं की आतून स्वतःलाच ओरबाडणारं इंजिन. रोटर ज्या घरात फिरतो त्याच्या आतल्या चकचकीत भिंतीवर आडव्या लाटा उमटायच्या. हिरोशिमातले लोक त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. १९६३ मध्ये यामामोतोंच्या हाताखाली ४७ इंजिनिअरांचा विभाग सुरू झाला. जपानी माणसाला ४७ म्हटलं की धन्यासाठी जिवावर उदार झालेले रोनिन, म्हणजे धनी गमावलेले सामुराई, आठवतात. ते नाव या चमूला चिकटलं नसतं तरच नवल.

त्यांनी शोधलेलं कारण फार सुंदर आहे. पट्टी नुसती घासत नव्हती, थरथरत होती. फिरताना तिची स्वतःची कंपनसंख्या गाठली जाई आणि ती भिंतीवर उड्या मारत जाई. मग पट्टीला आडवी-उभी भोकं पाडून ती कंपनसंख्याच बदलली आणि ओरखडे थांबले. उत्पादनासाठी मात्र अॅल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनची पट्टी निवडली गेली, आणि मे १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली: दोन रोटर, प्रत्येकी ४९१ सीसी, ११० अश्वशक्ती. एनएसयूची रोटरी गाडी रो ८०सुद्धा त्याच वर्षीची. तिच्या सीलांनी कंपनीला वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता जेरीस आणलं.

पट्टी सुधारली, तरी तिचे लाड संपले नाहीत. सगळ्यात वाईट सवय म्हणजे थंड इंजिन सुरू करून, गाडी दोन हात सरकवून लगेच बंद करणं. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त मिळतं; ते न जळता आत राहतं आणि सीलवरचा ऑइलचा थर धुऊन काढतं. थर गेला की कॉम्प्रेशन, म्हणजे कक्षातला दाब, गेलं, आणि पुढच्या वेळी स्टार्टर नुसता गरगरतो. जितकं फिरवाल तितकं पेट्रोल आत. माझदाच्या आरएक्स-८ या रोटरी गाडीत अशा वेळी अॅक्सिलरेटर तळाला टेकवून मग स्टार्टर मारावा, म्हणजे इंजेक्टर बंद राहतात. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये स्टार्टरला निवू द्यावं. तरी जमलं नाही तर इंधनपंपाचा फ्यूज काढायचा, प्लग काढायचे, इंजिन फिरवून आतलं पेट्रोल बाहेर टाकायचं, प्रत्येक रोटरमध्ये चमचाभर ऑइल सोडायचं आणि कोरडे प्लग बसवायचे. खालचे आणि वरचे प्लग वेगवेगळे असतात, अदलाबदल करू नये. सुरू झाल्यावर जो धूर निघेल त्याबद्दल शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

बरेच जण टाकीतही टू-स्ट्रोक ऑइल टाकतात. ऑइल मोजून सोडणारा तो छोटा मीटरिंग पंप चालू असेल तर १० लिटरला ५० मिलि पुरे. पंप काढून टाकलेल्या इंजिनाला ७५ ते ८० मिलि. साधं इंजिन ऑइल टाकू नये, त्याची राख प्लगवर आणि सीलच्या खाचेत बसते. खाचेत कार्बन साचला की खालची स्प्रिंग पट्टीला वर ढकलू शकत नाही. म्हणून गरम झालेलं इंजिन अधूनमधून फेऱ्यांच्या मीटरवरच्या लाल रेघेपर्यंत न्यावं. हा सल्ला इतका आवडीचा आहे की त्यावर वाद होत नाहीत.

जुनी आरएक्स-८ घेताना मात्र उत्साह आवरावा. गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करून बघावं. थंड असताना चटकन उठणारं आणि गरम झाल्यावर कुंथणारं इंजिन बहुधा सील झिजलेलं असतं. कॉम्प्रेशन मोजायला नेहमीचा गेज चालत नाही. एका रोटरचे तीन कक्ष असतात आणि तो गेज त्यातल्या सगळ्यात चांगल्याचाच आकडा धरून ठेवतो. रोटरीसाठीचा टेस्टर नसेल तर गेजमधला व्हॉल्व्ह काढून काट्याच्या तीन उड्या बघाव्यात. एक उंच आणि दोन बुटक्या म्हणजे एक पट्टी तरी गेली, कारण एक पट्टी दोन कक्षांच्या मध्ये असते. टेस्टरवर मिनिटाला २५० फेऱ्यांना ६८० किलोपास्कल ही किमान मर्यादा, नव्या इंजिनाला ८३०. एकाच रोटरच्या कक्षांमध्ये १५०पेक्षा जास्त फरक नको. बॅटरी मरतुकडी असेल तर फेऱ्या कमी पडतात आणि धडधाकट इंजिनही नापास होतं. तेव्हा विकणाऱ्यानं कागदावर फेऱ्यांचा आकडा लिहिला नसेल, तर चाचणी आपल्यासमोर, चार्ज केलेल्या बॅटरीवर पुन्हा करायला लावावी.